रिकाम्या जागेत आधी मराठी शब्द भरा

प्रश्न थोडक्यात असा: जीआरई, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा, अडीच महिन्यांवर आली आहे. हाताशी साडेतीन हजार शब्दांची यादी आहे. त्यातले 900 पाठ केले, पण मागे वळून पाहिलं तर निम्मे पुसले गेलेत. सराव परीक्षेत व्हर्बलला, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागाला, 148 आले (गुण 130 ते 170 या पट्टीवर असतात). शाळा मराठी माध्यमाची, म्हणून इंग्रजी कच्चं असल्याची धास्ती. उरलेले 2,600 शब्द अडीच महिन्यांत कसे संपवायचे?

संपवू नका. ती यादी आज मिटून ठेवा.

व्हर्बल शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. एखाद्याला तीन हजार शब्द तोंडपाठ असतात आणि तरी तो 150 च्या आगेमागे घुटमळत राहतो. दुसऱ्याला जेमतेम हजार-बाराशे येतात, पण गडी 160 च्या पुढे निघून जातो. सुरुवातीला मला याचं कोडं पडायचं. मग दोघांना समोर बसवून एकच प्रश्न सोडवायला दिला की फरक उघड दिसायचा. पहिला थेट पर्यायांवर झेप घ्यायचा. दुसरा पर्यायांवर हात ठेवून आधी वाक्य वाचायचा.

साडेतीन हजारांच्या याद्या आल्या कुठून, ते आधी सांगतो. ऑगस्ट 2011 पर्यंत या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांमधला संबंध असे दोन प्रकार असायचे. वर एक सुटा शब्द किंवा सुटी जोडी आणि खाली पाच पर्याय. ना वाक्य, ना संदर्भ. शब्द माहीत असला तर पाच सेकंदांत गुण, नसला तर कपाळाला हात. मी त्या काळात परीक्षा दिली, तीही यादी अकारविल्हे घोकून. परिणाम असा की 'ए' अक्षराचे शब्द मला झोपेतही सांगता यायचे, 'एम'पर्यंत दमछाक व्हायची आणि 'एस'नंतर सगळा अंधार. शिवाय 'अबेट', 'अबेयन्स', 'अब्जुअर', 'अ‍ॅब्रोगेट' हे एकाच दिवशी पाठ केल्यामुळे आयुष्यभरासाठी एकमेकांत गुंतले. आजही 'अब्जुअर' वाचताना मी अर्धा सेकंद थबकतो.

ते दोन्ही प्रकार 2011 मध्ये गेले; याद्या मात्र राहिल्या. आता शब्दसंग्रहाचे प्रश्न दोनच तऱ्हांचे. एकात वाक्यातल्या किंवा छोट्या परिच्छेदातल्या एक ते तीन रिकाम्या जागा भरायच्या. दुसऱ्यात एकच रिकामी जागा, सहा पर्याय, आणि त्यातले असे दोन निवडायचे की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच राहील. दोन्हींत अर्धे गुण नाहीत. तीन जागांपैकी दोन बरोबर आल्या तरी हाती शून्य. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आटोपशीर झाली आहे: व्हर्बलचे दोन भाग, पहिल्यात 18 मिनिटांत 12 प्रश्न, दुसऱ्यात 23 मिनिटांत 15. एकूण 27 प्रश्नांपैकी साधारण निम्मे रिकाम्या जागांचे, बाकीचे उताऱ्यांवरचे. म्हणजे आता एकही शब्द वाक्याबाहेर विचारला जात नाही, आणि तुम्ही 900 च्या 900 वाक्याबाहेर शिकलात.

विसरण्याचं कारणही तेच. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेही स्वतःवरच केलेले. पाठ करायला त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरगट घेतले होते. त्याला दिसलं की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वात जास्त असतो, मग तो मंदावतो. आता तुमच्या यादीतली एक ओळ बघा: 'टेन्युअस' म्हणजे 'क्षीण'. पुढची ओळ: 'अटेन्युएटेड' म्हणजे 'क्षीण'. त्यापुढे 'फीबल', पुन्हा 'क्षीण'. मेंदूच्या लेखी हे एबिंगहाउसचे अक्षरगटच आहेत. त्यांना धरून ठेवायला एक खुंटीसुद्धा नाही.

'टेन्युअस' नीट शिकायचा म्हणजे काय, ते दाखवतो. हा शब्द अशक्त माणसाला लावत नाहीत. तो लागतो संबंधाला, पुराव्याला, दाव्याला, पकडीला. दोन गोष्टींमधला धागा इतका बारीक की ओढला तर तुटेल. मराठीत यासाठी जुना आणि नेमका शब्दप्रयोग आहे: बादरायण संबंध. तुमची गाडी बोरीच्या चाकांची आणि आमच्या दारात बोरीचं झाड, म्हणून आपण नातेवाईक! हा 'टेन्युअस' संबंध. आता पुढची गंमत. हा शब्द लॅटिन 'टेन्युइस'वरून आला. अर्थ बारीक, पातळ. संस्कृतातला 'तनु' हा त्याचा सख्खा भाऊ. 'अटेन्युएट' म्हणजे एखाद्या गोष्टीचा जोर पातळ करणं. 'एक्स्टेन्युएटिंग' परिस्थिती म्हणजे गुन्ह्याचं गांभीर्य पातळ करणारी परिस्थिती. एक 'तनु' डोक्यात बसला की तीन शब्द वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगले जातात, आणि 'क्षीण' या एकाच ठोकळा अर्थाखाली त्यांची खिचडी होत नाही.

शब्द येणं म्हणजे त्याची संगत माहीत असणं, त्याचा रोख माहीत असणं. रोख म्हणजे तो कौतुकाने वापरतात की नाक मुरडून. 'फ्रूगल' आणि 'पार्सिमोनियस' दोघांपुढे यादीत 'काटकसरी' लिहिलेलं असतं. पण आपण काटकसरी आजीला चिक्कू म्हणत नाही आणि चिक्कू माणसाला काटकसरी म्हटलं तर ऐकणारा हसतो. 'फ्रूगल' काटकसरी, 'पार्सिमोनियस' कवडीचुंबक. (फक्त विज्ञानाच्या उताऱ्यात 'पार्सिमोनियस' स्पष्टीकरण म्हटलं तर ती स्तुती असते: कमीत कमी गृहीतकांत भागवणारं. असे अपवाद वाचनातच भेटतात.) न बोलणाऱ्यांची पंगत बघा. 'टॅसिटर्न' हा स्वभावाने अबोल, जरा घुमाच. 'लॅकॉनिक' बोलतो, पण मोजकं आणि ठोस. 'रेटिसंट' एखाद्या विषयापुरता गप्प असतो, एरवी गप्पिष्टही असू शकतो. मराठी माध्यमाची धास्ती वाटते म्हणालात ना? अबोल, घुमा, मितभाषी, आतल्या गाठीचा हे फरक तुम्हाला जन्मजात कळतात. इंग्रजी शब्द यातल्या नेमक्या कोणाशेजारी बसतो, एवढंच ठरवायचं राहतं. 'ऑब्सिक्वियस'पुढे 'नम्र' असं काही याद्यांत छापलेलं मी पाहिलंय. तो नम्र नाही हो, लाळघोट्या आहे. 'अंक्चुअस' त्याचा भाऊ, पण तो तुपट, गोडबोल्या. 'इक्विव्होकेट' म्हणजे मुद्दाम मोघम बोलणं. 'मोघम'सारखा शब्द हाताशी असताना 'संदिग्ध भाषा वापरणे' कशाला लिहायचं?

मराठीची एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती लोक समजतात त्याच्या उलट बाजूने येते. अवघड शब्द त्रास देत नाहीत. मराठीत रोज वापरून गुळगुळीत झालेले सोपे इंग्रजी शब्द देतात. आपल्याकडे कर्ज 'सँक्शन' होतं, म्हणजे मंजूर होतं. परीक्षेतलं 'सँक्शन' कधी मंजुरी असते, कधी नेमकं उलट, म्हणजे दंड किंवा निर्बंध. आपण अंतिम फेरीसाठी 'क्वालिफाय' होतो. परीक्षेत विधान 'क्वालिफाय' करतात, म्हणजे त्याला अटी घालून सौम्य करतात. आपल्याकडे चोर 'अरेस्ट' होतो. तिथे ऱ्हास 'अरेस्ट' होतो, म्हणजे थांबतो. 'चेक' म्हणजे तपासणं हेच डोक्यात असतं, पण सत्तेला 'चेक' म्हणजे लगाम. 'कॉम्प्रमाइज' ही आपल्यासाठी तडजोड; नमुना 'कॉम्प्रमाइज' झाला म्हणजे त्यात खोट शिरली. 'फ्लॅग' झेंडा नाही, उत्साह मावळणं. 'हजबंड' क्रियापद म्हणून आला तर साधनं जपून वापरणं. 'पेडेस्ट्रियन' गद्य म्हणजे पादचाऱ्यांबद्दलचं नव्हे, रटाळ. 'वाँटिंग' म्हणजे उणा, कमी पडणारा. या शब्दांची यादी कोणी करत नाही, कारण ते सगळ्यांना 'येतात'. परीक्षा काढणारे हे ओळखून आहेत. या आठवड्यात अशा 50-60 शब्दांची वही करा. त्यासाठी विकतची यादी लागत नाही. सरावात चुकलेले प्रश्न चाळले की ते आपोआप सापडतात.

आता प्रश्न सोडवण्याच्या रीतीकडे येतो, कारण शब्द कसे शिकायचे ते त्यावरच ठरतं. माझा एकच आग्रह आहे आणि तो मी वर्गात कंटाळा येईपर्यंत सांगतो: पर्याय झाका, वाक्य वाचा, आणि रिकाम्या जागेत आधी मराठी शब्द भरा. इंग्रजी सुचला तर उत्तम, पण मराठी चालेल. खरं तर मराठीच बरा, कारण तो चटकन येतो आणि पाठांतराच्या ओझ्याखाली दबलेला नसतो.

समजा वाक्याचा सांगाडा असा आहे: "समीक्षकाने कादंबरीची स्तुती केली खरी, पण ती स्तुती ____ होती, प्रत्येक गुणापाठोपाठ त्याने एक 'परंतु' जोडलाच." पर्याय आहेत: 'एफ्यूसिव्ह', 'क्वालिफाइड', 'ग्रॅच्युइटस', 'अनॅम्बिग्युअस', 'व्हिट्रिऑलिक'. पर्याय आधी पाहिले तर नजर 'व्हिट्रिऑलिक'वर जाते. शब्द भारदस्त आहे, आणि टीकेचा वास तर वाक्यात आहेच. 'क्वालिफाइड' नजरेतही भरत नाही. मनात येतं, पात्र स्तुती ही काय भानगड? आता पर्याय झाकून भरा. मी विचारतो तेव्हा विद्यार्थी म्हणतात, "हातचं राखून केलेली." बस. हा शब्द हातात धरून खाली या. 'एफ्यूसिव्ह' म्हणजे भरभरून, उलट. 'ग्रॅच्युइटस' म्हणजे विनाकारण. तसं वाक्यात काही म्हटलेलं नाही. 'अनॅम्बिग्युअस' निःसंदिग्ध, तेही उलट. 'व्हिट्रिऑलिक' जहाल, पण जहाल स्तुती असत नाही. राहिला 'क्वालिफाइड': अटी घातलेली, हातचं राखलेली. या प्रश्नात अवघड शब्द चार होते आणि उत्तर पाचवा होता.

दोन पर्यायांच्या प्रश्नात सापळा वेगळा असतो. "सभांमध्ये तासन्‌तास बोलणारा हा लेखक स्वतःच्या आयुष्याबद्दल मात्र ____ असे." सहा पर्याय: 'गॅर्युलस', 'रेटिसंट', 'मेंडेशस', 'व्हॉल्युबल', 'सँग्विन', 'रिझर्व्ह्ड'. यादी घोकलेला विद्यार्थी समानार्थी जोडी शोधायला निघतो आणि त्याला पहिल्यांदा सापडते 'गॅर्युलस' आणि 'व्हॉल्युबल', दोन्ही बडबडे. जोडी अगदी खरी, पण वाक्याला नको असलेली. 'मेंडेशस' म्हणजे खोटारडा. ओढूनताणून बसवता येईल, पण त्याला जोडीदार नाही. 'सँग्विन', आशावादी, इथे नुसताच बसवून ठेवलेला पाहुणा. आधी 'मौन पाळणारा' किंवा 'हात आखडता घेणारा' असं काही मनात भरलं असतं तर 'रेटिसंट' आणि 'रिझर्व्ह्ड' स्वतःहून पुढे आले असते.

इथपर्यंत आलात तर लक्षात येईल की निम्मे गुण रिकाम्या जागेच्या आजूबाजूच्या चिल्लर शब्दांवर जातात. त्यांची यादी कुठेच नसते, म्हणून मी त्यावर जरा रेंगाळतो. 'ऑल बट', 'एनिथिंग बट', 'नथिंग बट' ही तीन भावंडं घ्या. सिद्धान्त 'ऑल बट' सोडून दिला म्हणजे जवळजवळ सोडूनच दिला. निष्कर्ष 'एनिथिंग बट' निश्चित म्हणजे मुळीच निश्चित नाही. 'नथिंग बट' गोंधळ म्हणजे निव्वळ गोंधळ. त्यात चौथं भावंड: ती 'नथिंग इफ नॉट' चिकाटीची, म्हणजे कमालीची चिकाटीची. यातला एक उलटा वाचला की पुढचे 3,000 शब्द पाठ असून उपयोग शून्य. वाक्यच तुम्ही उलटं समजलात. 'फॉर ऑल' वाक्याच्या सुरुवातीला आला की बहुतेकदा 'असूनही': त्याच्या सगळ्या विद्वत्तेसाठी नव्हे, एवढी विद्वत्ता असूनही. दोन विशेषणांच्या मध्ये आलेला 'इफ' म्हणजे 'जर' नाही, 'पण' आहे: वर्णन अचूक, 'इफ' कंटाळवाणं, म्हणजे अचूक, पण कंटाळवाणं.

आणि 'बिलाय'. या एका शब्दाने जितकी माणसं पाडली तितकी कुठल्याच जडजंबाल शब्दाने पाडली नसतील. त्याच्या शांत चेहऱ्याने आतली घालमेल 'बिलाय' केली, म्हणजे चेहरा वेगळंच सांगत होता, घालमेल दिसत नव्हती. शेजारी 'बिट्रे' ठेवा. चेहऱ्याने घालमेल 'बिट्रे' केली, म्हणजे लपवायची असूनही ती चेहऱ्यावर उमटलीच. आपल्याला 'बिट्रे' फक्त विश्वासघात म्हणून माहीत असतो. चेहऱ्याने मालकाशी केलेला विश्वासघात असं म्हटलं की हा दुसरा अर्थ विसरणं शक्य नाही.

धातू आणि उपसर्गांबद्दल बरेच जण विचारतात. उपयोग आहे, आणि संस्कृतशी तोंडओळख असलेल्याला तर जास्तच. 'मॅग्नॅनिमस' फोडा: 'मॅग्नस' मोठा, 'अ‍ॅनिमस' मन. मोठ्या मनाचा. इंग्रजीने लॅटिनातून उचललं तेच आपण मराठीत रोज बोलतो. 'इक्वॅनिमिटी' म्हणजे समचित्तता, तुकड्याला तुकडा जुळतो. लॅटिन 'वॉक्स' आणि आपली 'वाक्' एकाच कुळातल्या, म्हणून 'व्होसिफरस', 'इक्विव्होकल', 'इर्रेव्होकेबल' यांत कुठे ना कुठे वाणी दडलेली. 'कॉग्निझंट', 'अ‍ॅग्नॉस्टिक', 'प्रॉग्नोसिस' यांतला 'ग्न' म्हणजे आपला 'ज्ञ'. पण याच वाटेवर ठेचही लागते. 'प्युसिलॅनिमस' फोडला तर 'चिमुकलं मन' येतं आणि आपण मोठ्या आत्मविश्वासाने 'कोत्या मनाचा' लिहितो. शब्दाचा अर्थ भेकड. 'एनर्व्हेट' एनर्जीच्या घरातला वाटतो आणि अर्थ आहे गलितगात्र करणं. 'नॉयसम'चा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधी आहे. 'रेस्टिव्ह' विश्रांतीतला नाही, उलट अस्वस्थ, बिथरलेला. म्हणून माझा नियम असा: धातूवरून अर्थ लक्षात ठेवा, अर्थ ओळखू नका. माहीत असलेल्या शब्दाला टांगायला धातू ही उत्तम खुंटी आहे. अनोळखी शब्दाच्या बाबतीत तो पत्त्यातला जोकर.

आता टिकवण्याची यंत्रणा. इथे नवीन शोध लावायची गरज नाही. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1970 च्या दशकात खोक्याची पद्धत लोकप्रिय केली: पाच कप्पे, नवं कार्ड पहिल्यात, बरोबर आलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे वाढत्या अंतराने. 2006 मध्ये आलेलं 'अँकी' हेच काम संगणकावर, मोबाइलवर करतं. दोन्हींपैकी काहीही वापरा, पण कार्ड स्वतः लिहा. दुसऱ्याने बनवलेला हजार कार्डांचा गठ्ठा उतरवून घेणं म्हणजे पुन्हा तीच यादी, फक्त पत्त्यांच्या रूपात. माझ्या विद्यार्थ्यांची कार्डं अशी असतात: पुढच्या बाजूला खरंखुरं इंग्रजी वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. मागच्या बाजूला शब्द, खाली स्वतःच्या बोलीतला मराठी अर्थ, कोपऱ्यात अधिक किंवा उणे चिन्ह म्हणजे शब्दाचा रोख, आणि ज्याच्याशी गल्लत होते त्या एका शब्दाचं नाव. 'इंजेन्युअस'च्या कार्डावर 'निष्कपट, भाबडा. इंजिनियस नव्हे' एवढं पुरतं. 'डिस्क्रीट'ची तर दोन कार्डं हवीत, कारण उच्चार एकच आणि शब्द दोन: शेवटचे दोन 'ई' शेजारी असतील तर जपून बोलणारा, दोघांच्या मध्ये 'टी' आला तर सुटासुटा, वेगवेगळा.

कार्ड उलटण्याआधी उत्तर आठवलंच पाहिजे. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र पालटलं, आठवून लिहिणाऱ्यांच्या डोक्यात जास्त उरलं होतं. यादीवरून नजर फिरवताना 'हा येतो, हा पण येतो' असं वाटतं ना, ते या पहिल्या पाच मिनिटांतलं सुख आहे.

'अँकी'त आणखी एक सोय आहे. जे कार्ड शिकून झाल्यावरही आठ वेळा चुकतं त्याला ते 'लीच', म्हणजे जळू, ठरवतं आणि त्यावर तशी खूण करतं. नाव अगदी चपखल आहे. तो शब्द तुमचं रक्त पितोय. नवं वाक्य शोधून कार्ड बदला, नाहीतर सोडून द्या. एका हट्टी शब्दापायी दहा नवे शब्द गमावण्यात शहाणपण नाही.

समानार्थी शब्द गटाने शिकावेत का? हो, पण एकाच दिवशी नाही. 'गॅर्युलस', 'लोक्वेशस', 'व्हॉल्युबल', 'व्हर्बोस' चौघे पहिल्याच भेटीत एकत्र आले तर ते माझ्या 'अब्जुअर'सारखे कायमचे गुंततात. एक पक्का होऊ द्या, चार दिवसांनी दुसरा आणून त्याच्याशेजारी उभा करा.

हिशोब सोपा आहे. तुमचे 450 शब्द टिकलेत. हातात 75 दिवस. शेवटचे दहा दिवस एकही नवा शब्द नको, फक्त उजळणी आणि पूर्ण सराव परीक्षा. उरले 65, रोज 12 म्हटलं तर 780. एकूण 1,200 च्या वर. पुष्कळ झाले. 12 कमी वाटतात, पण तिसऱ्या आठवड्यापासून उजळणीचाच ढीग इतका होतो की तेराव्याचा मोह आपोआप सुटतो. हे 12 यादीतून घेऊ नका. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या अधिकृत पॉवरप्रेप सरावातून घ्या, आणि वाचनातून: विज्ञानाचा इतिहास, कलासमीक्षा, समाजशास्त्र अशा विषयांवरचे, बाजू मांडणारे, खोडून काढणारे लांब लेख. तिथे 'अंडरमाइन', 'कॉरोबरेट', 'ऑस्टेन्सिबल', 'व्हिंडिकेट', 'पॉझिट', 'कन्सीड' असे मधल्या पायरीवरचे शब्द पानोपानी भेटतात. ते दिमाखदार नाहीत, पण उतारे त्यांच्यावरच उभे असतात. 'सेस्क्विपिडेलियन' पाठ करून मित्रांत भाव मिळतो, गुण 'ऑस्टेन्सिबल'ला.

उच्चार परीक्षेत कोणी विचारत नाही, तरी एकदा ऐकून कार्डावर देवनागरीत लिहून ठेवा. देवनागरीइतकी सोयीची लिपी त्या कामाला दुसरी नाही. 'हायपरबोल' नाही, 'हायपर्बली'. 'एपिटोम' नाही, 'इपिटमी'. 'ऑरी' वाटणारा शब्द 'अराय' आहे. मनात चुकीचा वाजणारा शब्द कानावर पडला तरी ओळखू येत नाही आणि एक भेट फुकट जाते.

राहता राहिली शेवटची भीती: एवढं करूनही परीक्षेत अजिबात न पाहिलेला शब्द आला तर? येणारच. मलाही येतात. त्या वेळी दोन चुका होतात. घाबरलेला म्हणतो, इतका अवघड शब्द आहे म्हणजे उत्तर हेच असणार. आत्मविश्वास असलेला म्हणतो, मला माहीत नाही म्हणजे नसणार. दोघेही शब्दाच्या चेहऱ्याकडे बघून निवाडा करताहेत. तुम्ही वाक्याकडे बघा. मराठी शब्द भरलेला असेलच. तो घेऊन माहीत असलेल्या चार पर्यायांपाशी जा. एखादा नीट बसला तर निवडा आणि अनोळखी पाहुण्याकडे ढुंकूनही बघू नका. चारही बसले नाहीत तर तो पाचवा बिनदिक्कत निवडा. अर्थ ठाऊक नसला तरी उत्तर तेच आहे. दोनात अडकलात तर एक निवडून ठेवा, प्रश्नावर खूण करा आणि पुढे चला. चुकलेल्या उत्तराला उणे गुण नाहीत, त्याच भागात वेळ उरला तर मागे येता येतं, आणि एका रिकाम्या जागेवर मिनिटापेक्षा जास्त घालवलंत तर ते उताऱ्यांच्या वेळेतून वजा होतं.

सुरुवात त्या विसरलेल्या 450 शब्दांपासून करू नका. आज संध्याकाळी ती 148 ची सराव परीक्षा पुन्हा उघडा, चुकलेल्या प्रत्येक रिकाम्या जागेचे पर्याय झाका आणि तिथे मराठी शब्द लिहा. किती ठिकाणी शब्द अडला आणि किती ठिकाणी वाक्यच उलटं वाचलं गेलं, ते दोन रकान्यांत मोजा. दुसरा रकाना मोठा निघाला तर पहिला आठवडा 12 नव्या शब्दांऐवजी 'ऑल बट' आणि मंडळींना द्या.